चार वाजून दहा मिनिटांची सही

१

अकरा वर्षांपूर्वी एका मंगळवारी एक लिफ्ट मेकॅनिक, फायलीत लिहिल्याप्रमाणे, त्या दिवसाच्या यादीतल्या पाचव्या इमारतीच्या मशीनरूममध्ये गेला, तिथल्या सर्व्हिस कार्डावर चार वाजून दहा मिनिटांनी सही केली आणि त्यानंतर तो कुणाच्याही नजरेस पडला नाही. अडतीस वर्षांचा धडधाकट माणूस, खांद्यावर अवजारांची पिशवी, अंगावर कंपनीची वर्दी. असा माणूस भर दुपारी हवेत विरतो म्हणजे काय? पण विरला खरा. सापडलं ते फक्त कार्ड.

आणि आता वरून हुकूम आला होता : दहा वर्षांपेक्षा जुन्या सगळ्या फायली शनिवारच्या आत बंद करून गोदामात पाठवा.

हुकूम आला तो चिवटबाईंच्या टेबलावर. पोलीस कचेरीच्या बेपत्ता कक्षात त्या एकट्याच होत्या, म्हणजे कक्ष त्यांच्यापासून सुरू होई आणि त्यांच्यापाशीच संपे. खरं नाव हजेरीपटावर होतं. कचेरीत मात्र शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना चिवटबाईच म्हणत. एकदा धरलेली फाईल त्या सोडत नाहीत म्हणून. या एका फायलीने मात्र त्यांनाच धरून ठेवलं होतं.

सोमवारी मेकॅनिकची बायको येऊन गेली होती. बरोबर मुलगी होती, आता वीस वर्षांची. मुलीनेच तोंड उघडलं.

"मला दुसऱ्या शहरात नोकरी लागलीय. एक तारखेला हजर व्हायचंय. आई घर सोडायला तयार नाही. म्हणते, बाबा आले तर जातील कुठे? आणि आईला एकटीला टाकून मी जाणार नाही. आमचं काय ते एकदा सांगा ना, बाई. गेले असतील तर गेले म्हणा."

"तसं कसं म्हणू?" चिवटबाई म्हणाल्या.

"मग आले असतील तर आले म्हणा!" मुलगी इतक्या जोरात बोलली की शेजारच्या खोलीतला टाईपरायटर थांबला. बायको पदराला हात पुसत राहिली, हात कोरडे असूनही.

बुधवार उजाडला तरी चिवटबाईंच्या डोक्यातून ते वाक्य जात नव्हतं. फायलीतलं पान न् पान पाठ झालं होतं, आणि पाठ असून उपयोग शून्य. संशयित तीन. एक, पाचव्या इमारतीचा वॉचमन. आदल्याच आठवड्यात त्याची मेकॅनिकशी हमरीतुमरी झाली होती. दोन, मेकॅनिकचा सख्खा भाऊ, ज्याच्याशी त्याचं बोलणं बंद होतं. पण तो त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कारखान्यात चाळीस माणसांसमोर यंत्रावर उभा होता. तीन, कामावरचा जोडीदार, ज्याचं म्हणणं होतं की पाचवी इमारत त्याच्याकडे नव्हतीच आणि तिथं त्याने कधी पाऊलही टाकलं नाही. पोलिसांनी वॉचमनला उचललं, सात महिने आत ठेवलं आणि पुरावा नाही म्हणून सोडून दिलं. घोडं तिथेच अडलं ते अडलंच.

त्यात भर म्हणून त्या दिवशी कचेरीची लिफ्ट बंद होती.

२

तीन मजले चढून चिवटबाई खुर्चीत बसल्या तेव्हा त्यांचे गुडघे त्यांना शिव्या घालत होते आणि त्या लिफ्ट कंपनीला. तासाभराने लिफ्टवाला दारात उभा राहिला.

"झालं काम, मॅडम. सर्व्हिसिंग होतं. कार्डावर मी केलीय सही, कचेरीतर्फे तुमची एक हवी. आज मजल्यावर तुम्हीच दिसताय."

"आणि सर्व्हिसिंगला लिफ्ट बंदच ठेवायला लागते का हो? माणसांनी काय उडत यायचं?"

"चालू लिफ्टच्या मशीनला हात घालू का? हातच राहायचा नाही." तो हसला आणि कार्ड पुढे केलं. कार्ड टेकलं ते नेमकं उघड्या फायलीवर. उचलताना त्याच्या अंगठ्याचा काळाकुट्ट ठसा कागदावर उमटला.

"अहो, काय हे! सरकारी कागद आहे!"

"माफ करा. वंगण आहे, काम संपलं की हात धुवायच्या आधीच सही करतो आम्ही. आमच्या सगळ्या कार्डांची हीच दशा असते, बघा ना."

चिवटबाईंनी बघितलं. प्रत्येक ओळीशेजारी, सही करताना कार्ड जिथे दाबून धरायचं तिथे, एक काळा अंगठा. सगळ्या ओळी मळलेल्या.

मग लिफ्टवाल्याला वाटेला लावून त्यांनी कपाटातून जप्तीचं पाकीट काढलं. पाचव्या इमारतीचं कार्ड आत प्लॅस्टिकमध्ये होतं. अकरा वर्षांत त्यांनी ते शंभर वेळा पाहिलं असेल. दर वेळी तारीख पाहिली, वेळ पाहिली, सही पाहिली. अक्षर तपासणाऱ्याने सही त्याचीच असल्याचं लिहून दिलं होतं, मग आणखी काय पाहायचं?

एकूण बावीस ओळी. अठरा ओळींशेजारी काळा अंगठा. चार ओळी स्वच्छ, धुतल्यासारख्या.

त्या चारांतली शेवटची ओळ चार वाजून दहा मिनिटांची होती.

३

वॉचमन आता शहराच्या टोकाला एका खोलीत राहत होता. खुर्च्यांना वेत विणायचं काम करत होता, कारण वॉचमन म्हणून त्याला पुन्हा कुणी उभं केलं नव्हतं. दार उघडून चिवटबाईंना पाहिल्यावर त्याने आत या म्हटलं नाही.

"काय राहिलंय आता? सात महिने घेतलेत. बायको माहेरी गेली ती आलीच नाही. अजून काही हवं असेल तर या खुर्च्या न्या."

"एकच विचारते. त्या दिवशी तो आला होता?"

"अकरा वर्षांत हा प्रश्न मला दोनशे वेळा विचारलात, आणि दोनशे वेळा मी सांगितलं, आला नव्हता! मी गेटवरच होतो. तुमच्या साहेबांनी ते कार्ड माझ्या नाकासमोर नाचवलं. म्हणे कागद खोटं बोलत नाही, तू बोलतोस."

चिवटबाईंनी मान खाली घातली. तेव्हा साहेबांच्या मागे त्याही उभ्या होत्या, आणि त्यांनाही ते पटलं होतं.

"याआधी कधी असं झालं होतं का?" त्यांनी विचारलं. "सर्व्हिसिंगचा दिवस आहे आणि आलाच नाही, असं?"

"व्हायचं की कधीमधी. भांडण झालं ते त्यावरूनच. लोक मला बोलायचे, लिफ्ट खडखडते म्हणून. मी त्याला म्हटलं, तुम्ही दोघं आळीपाळीने दांड्या मारता आणि शिव्या मी खातो."

"दोघं?"

"दोघंच तर. कधी हा यायचा, कधी तो जोडीदार. तो उंच, डोळ्यांवर चष्मा."

हाच तो जोडीदार, ज्याने पाचव्या इमारतीत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

४

जोडीदाराला गाठायच्या आधी चिवटबाईंना एक गोष्ट पक्की करायची होती. एवढ्या वर्षांनी अर्धवट पुराव्यावर कुणाच्या मानगुटीवर बसायची त्यांची छाती नव्हती. वॉचमनचं तसंच तर झालं होतं.

पाचव्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त नर्स राहत होती. फायलीत तिचा जबाब चार ओळींचा : 'मी चारच्या सुमारास बाजारातून आले. लिफ्टने वर आले. कोणीही संशयास्पद दिसले नाही.' शेजारी कुणीतरी शेरा मारला होता, 'निरुपयोगी.'

नर्सबाईंनी दार उघडलं आणि जबाब ऐकून कपाळाला हात लावला.

"अगं बाई, अजून तेच चाललंय का? हो, आले होते मी. मंगळवार, बाजाराचा दिवस. दोन्ही हातांत पिशव्या."

"चार म्हणजे नक्की किती?"

"रेडिओवर चारच्या बातम्या लागलेल्या असायच्या खाली दुकानात. त्या संपल्या की मी निघायचे. म्हणजे चार वाजून दहा मिनिटं. बारासुद्धा असतील."

"आणि लिफ्ट चालू होती?"

"चालू नसती तर पाच मजले मी या पायांनी चढले असते का? त्यांचं काही दुरुस्तीचं असलं की खाली 'बंद' अशी पाटी असते आणि लिफ्ट ठप्प. त्या दिवशी पाटीबिटी काही नव्हती. बटण दाबलं, आली, बसले, वर. का हो?"

जबाबात सगळं होतं. बाईने सांगितलं होतं, कुणीतरी इमानेइतबारे उतरून घेतलं होतं, आणि सगळ्यांनी त्यातून एवढंच वाचलं होतं की बाईला कुणी दिसलं नाही. मशीनरूममध्ये मेकॅनिक काम करत असता तर लिफ्ट चाललीच नसती, हे पोलीस कचेरीतल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं. त्या शहाण्यांत आपणही होतो, याचा त्यांना इतका संताप आला की जिना उतरताना त्या स्वतःशी मोठ्याने बोलत होत्या.

४:१० ला तिथे कुणीच नव्हतं. सही दुसऱ्याच कुठल्या तरी वेळी झाली होती. आणि आधीच्या तीन स्वच्छ ओळी सांगत होत्या की ही युक्ती कुणा खुन्याने ऐनवेळी काढलेली नव्हती. मेकॅनिक गायब व्हायच्या आधीपासून, तो जिताजागता हिंडत-फिरत असताना, कुणीतरी त्याच्या वतीने हुबेहूब सही करत होतं. म्हणजे त्याच्या संमतीने.

५

जोडीदार आता कंपनीत सुपरवायझर झाला होता. काचेची केबिन, भिंतीवर वेळापत्रक. चिवटबाईंनी समोर बसून कार्ड टेबलावर ठेवलं आणि त्या चार ओळींवर एकेक करून बोट ठेवलं.

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अठरा ठिकाणी तुमच्या धंद्याचं वंगण आहे," चिवटबाई म्हणाल्या. "चार ठिकाणी नाही. या चार दिवशी सही करणाऱ्याने मशीनला हात लावलेला नव्हता. वॉचमन म्हणतो, तुम्ही तिथे येत होता. तुम्ही लिहून दिलंत, पाऊल टाकलं नाही. मग खोटं कोण बोलतंय ते तुम्हीच सांगा, म्हणजे माझा वेळ वाचेल."

त्याने केबिनचं दार बंद केलं. मग एकदम खचला.

"आम्ही एकमेकांचं सांभाळून घ्यायचो, बाई. सगळेच मेकॅनिक घेतात. एका दिवसात पाच इमारती देतात, माणसाला कधी दवाखाना असतो, कधी पोरांची शाळा. कार्डावर सही नसली की ताकीद, तीन ताकिदी झाल्या की घरी. त्याच्या दोन झाल्या होत्या. म्हणून तो गेला की त्याची सही मी करायचो, मी गेलो की माझी तो. इतकी सवय झाली होती की माझी सही माझ्यापेक्षा त्यालाच छान जमायची."

"त्या दिवशी?"

"चौथ्या इमारतीतून निघाला. दुसऱ्या एका कंपनीत मुलाखत होती. घरीसुद्धा सांगितलं नव्हतं त्याने, झालं तर एकदम सांगीन म्हणाला. वर्दी काढून निळा शर्ट घातला. वर्दी पिशवीत टाकली, पिशवी माझ्याकडे दिली. म्हणाला, पाचवीचं तेवढं बघ. मला संध्याकाळी जमलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, गेटवर कुणी नसताना, वर गेलो आणि आदल्या दिवसाची सही ठोकून आलो."

"आणि तो बेपत्ता झाल्याचं कळल्यावर?"

"वाटलं, येईल दोन दिवसांत. मग पोलिसांनी कार्ड नेलं. मग वॉचमनला धरलं. तेव्हा बोललो असतो तर तुम्ही मलाच टांगलं असतं. आज सांगू, उद्या सांगू करत..." तो उठला, कपाटाच्या तळातून एक जुनी पिशवी काढून त्याने टेबलावर ठेवली. आत पाने, पेचकस, घडी केलेली वर्दी. वर्दीच्या खिशात ओळखपत्र.

"एवढं घेऊन तुम्ही मूग गिळून बसलात? त्याच्या बायकोला तुम्ही रोज रस्त्यात भेटत असाल!"

"ती मला दादा म्हणते," जोडीदार म्हणाला आणि त्याने तोंड झाकून घेतलं.

चिवटबाईंना त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्यांनी विचारलं एवढंच, "चौथ्या इमारतीतून तो किती वाजता निघाला?"

"पावणेतीनला. जुन्या रस्त्याने चालत."

पावणेतीन, जुना रस्ता, निळा शर्ट. जुना रस्ता आणि निळा शर्ट हे चिवटबाईंनी एकत्र कुठेतरी वाचलं होतं.

६

इस्पितळाने कळवलेल्या अनोळखी माणसांचं रजिस्टर बेपत्ता कक्षातच असे. अकरा वर्षांपूर्वीचं शोधायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

'अनोळखी पुरुष. वय अंदाजे पन्नास. निळा शर्ट. जुन्या रस्त्यावर वाहनाची धडक. मंगळवार, दुपारी तीन वाजता दाखल. बेशुद्ध.' खाली दुसऱ्या शाईत : 'गुरुवारी पहाटे मृत्यू. आठवड्याने बेवारस म्हणून दफन.'

नोंदीवर लाल पेन्सिलीची आडवी रेघ होती आणि शेजारी शेरा : 'वेळ जुळत नाही.'

अक्षर चिवटबाईंचं होतं.

त्यांना सगळं लख्ख आठवलं. बुधवारी संध्याकाळी बायको नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. चिवटबाई तेव्हा कक्षात नव्या होत्या, उत्साही होत्या. कंपनीला फोन केला. कंपनीने माणूस पाठवून कार्ड पाहिलं आणि कळवलं, काल चार दहाला पाचव्या इमारतीत सही आहे. मग त्यांनी हे रजिस्टर उघडलं. हा माणूस तर तीन वाजताच इस्पितळात पोचलेला, वर वय पन्नास. जखमी, सुजलेल्या माणसाचं वय इस्पितळाने अंदाजाने टाकलं होतं, हे तेव्हा त्यांना सुचलं नाही. चार दहाला सही करणारा माणूस तीनला बेशुद्ध कसा असेल? रेघ मारली आणि बायकोला म्हणाल्या, "इस्पितळात कुणी नाही. काळजी करू नका."

त्या बुधवारी संध्याकाळी तो जिवंत होता. कचेरीपासून चालत वीस मिनिटांवर.

चिवटबाईंनी रजिस्टर मिटलं. चोर, खुनी, दरोडेखोर, कुणीतरी निघावा म्हणून त्यांनी अकरा वर्षं डोकं फोडलं होतं, आणि निघालं काय? मित्राची एक मदत आणि त्यांची स्वतःची एक रेघ. शिव्या घालायलासुद्धा धड माणूस नव्हता.

ही रेघ फायलीत दाखवायची की नाही, असा विचार त्यांच्या मनात आला. तो आलाच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. चांगला अर्धा तास आला.

७

शुक्रवारी दुपारी त्या मेकॅनिकच्या घरी गेल्या. बायको शाळेचे गणवेश शिवत होती. मुलगी घरीच होती. चिवटबाईंनी पाणी नको म्हटलं, बसल्या आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मुलाखत, पिशवी, सही, जुना रस्ता. शेवटी रेघही सांगितली. कुणाची तेही सांगितलं.

मुलगी ताडकन उठली. "म्हणजे आम्ही तुमच्यासमोर बसलो होतो आणि बाबा तिथे..."

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात, काळजी करू नका!"

"हो. चूक माझी आहे. मी तसं लिहून दिलंय, वर पाठवलंय. त्यांना जे करायचं ते करतील."

"त्याने आमचं काय होणार?"

बायकोने मुलीचा हात धरून तिला खाली बसवलं.

"शुद्धीवर आले होते का ते? कुणाला हाक मारली?"

"नाही. तिथल्या नोंदी मी काल वाचल्या. शुद्ध आलीच नाही."

"बरं झालं," बायको म्हणाली. मग जरा थांबून, "त्या वॉचमनला सांगितलंत?"

"काल संध्याकाळी गेले होते. म्हटलं, तुम्ही खरं बोलत होतात."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, ते मला माहीतच होतं. आणि दार लावून घेतलं."

बायकोने डोळे मिटले. "कोर्टाबाहेर मी त्याची कॉलर धरली होती. माझा नवरा परत दे म्हणून ओरडले होते. आणि दादांना चहा दिला." तिने शिवणयंत्राचं चाक हाताने थांबवलं, ते केव्हाच थांबलेलं असूनही. "कुठे पुरलंय?"

चिवटबाईंनी जागा सांगितली. बेवारसांची रांग, खांबावर नंबर.

"आई," मुलगी हळूच म्हणाली, "आता तरी चल ना माझ्याबरोबर. एक तारखेला."

"तू जा एक तारखेला. वेळेवर हजर हो. मी महिनाभराने येते."

"महिनाभर कशाला? आता कुणाची वाट बघायचीय?"

"वाट नाही गं बघायची." बायको उठली, तिने दाराकडे पाहिलं, मग चिवटबाईंकडे. "अकरा वर्षांत मी एकदाही रडले नाहीये. रडले असते तर ते गेले असं मीच ठरवल्यासारखं झालं असतं. शेजारीपाजारी म्हणायचे, काय दगड बाई आहे. आता महिनाभर मला कुणी अडवायचं नाही. बाई, तुम्ही निघा."

चिवटबाई निघाल्या. मागे मुलीने दाराला आतून कडी घातली. त्या पहिल्या मजल्यापर्यंत उतरल्या असतील, तेव्हा वरून रडण्याचा आवाज सुरू झाला. एकेक करून शेजाऱ्यांची दारं उघडू लागली, आणि बाहेर आलेल्या एका बाईने चिवटबाईंना विचारलं, "काय झालं हो? कोण गेलं?"

"त्यांचे मिस्टर," चिवटबाई म्हणाल्या.